गाय सगळ्यात शेवटी घ्या: सोलापूर भागात चार-पाच गाईंचा गोठा उभा करण्याचा क्रम

आपल्याकडे नवा गोठा मोडतो तो पहिल्या उन्हाळ्यात. एप्रिलमध्ये बोअर आटतं, वैरण विकत आणावी लागते, बारा लिटरची गाय सात-आठवर येते आणि पहिला पाऊस पडायच्या आत ती पडेल त्या भावात बाजारात जाते. लोक म्हणतात गाय खराब निघाली. चौकशी केली तर कळतं, आधी गाय आणली, मग घाईने पत्रा ठोकला आणि चाऱ्याचं "बघू पुढचं पुढं" म्हणून सोडून दिलं.

क्रम उलटा हवा. पाणी, वैरण, दुधाचं गिऱ्हाईक, गोठा, आणि शेवटी गाय. मे महिन्यात पाणी मोजायला सुरुवात केली तर दिवाळीनंतर पहिली जोडी दावणीला येते. एवढा वेळ लागतोच, तो वाचवायला जाऊ नका.

## आधी कागदावर: एका गाईचा एका दिवसाचा हिशेब

बारा लिटर दूध देणारी, चारशे-साडेचारशे किलो वजनाची संकरित होल्स्टीन गाय धरा. तिला रोज ओली वैरण किंवा मुरघास (हवाबंद करून मुरवलेली हिरवी कुट्टी) २० किलो, कडब्याची कुट्टी ४ किलो आणि पेंड-भरडा मिळून खुराक ६ किलो लागतो. खुराकाचा साधा नियम असा: अंग राखायला २ किलो, आणि वैरण चांगली असेल तर दर तीन लिटर दुधाला १ किलो.

आता भाव घालून बघा. खाली धरलेले भाव उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावचे घालून हाच हिशेब पुन्हा करा. खुराक ३२ रुपये किलोने १९२, कुट्टी ८ रुपयांनी ३२, क्षार मिश्रण आणि मीठ १०. ओली वैरण घरची असेल आणि तिचा खर्च किलोला ४ रुपये पडत असेल, तर ८० रुपये. एकूण ३१४. दुधाला ३२ रुपये दर मिळाला तर बारा लिटरचे ३८४ येतात. हातात उरले ७०, आणि त्यातून डॉक्टर, वीज आणि भाकड दिवसांचा खर्च निघायचा आहे.

हीच ओली वैरण ७ रुपये किलोने विकत आणली तर तिचेच १४० होतात. एकूण खर्च ३७४, हातात १० रुपये. शेण सोडलं तर काहीच उरलं नाही.

तपासा: हा हिशेब बिनकर्जाचा आहे. हप्ता असेल तर तो ७० रुपयांतूनच जाणार. पशुपालनाच्या खेळत्या भांडवलासाठी किसान क्रेडिट कार्ड मिळतं, आणि १ जानेवारी २०२५ पासून तारणाशिवाय कर्जाची मर्यादा २ लाख आहे. अनुदानाची योजना निघाली तर अर्ज जरूर करा, पण यादीत नाव लागेल या भरवशावर गाईचा सौदा करू नका.

## पायरी १: पाणी, तेही मे महिन्यातलं

ऑगस्टमध्ये विहीर भरलेली दिसते. ते पाणी हिशेबात धरायचं नाही. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि तोही लहरीने पडतो. मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बोअर किती मिनिटं सलग चालतं आणि बंद केल्यावर किती वेळाने पुन्हा पाणी धरतं, ते लिहून ठेवा.

भर उन्हाळ्यात दुधाची गाय दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी पिते. धुणं, अंगावर मारणं, भांडी धरून पाच गाईंना रोज हजार लिटर लागतं. वैरणीचं पाणी वेगळं. उजनीच्या कालव्यावर भिस्त असेल तर दोन आवर्तनांमधले दिवस वैरण कशावर तगणार, ते आधीच ठरवा.

तपासा: बोअरचं पाणी खारट लागत असेल तर ते तपासून घ्या. फार खारं पाणी गाय पोटभर पीत नाही, आणि पाणी कमी गेलं की दूध त्याच दिवशी कमी होतं.

## पायरी २: वैरण, जून ते सप्टेंबर

पाच गाईंसाठी बागायती दोन एकर मोकळं ठेवता आलं पाहिजे. त्यात वीस गुंठे संकरित नेपियर, पाच-सात गुंठे मेथीघास, आणि एक-दीड एकर खरिपाचा मका, तो फक्त मुरघासासाठी. बांधावर शेवरी लावा, ती उन्हाळ्यात हिरवी राहते आणि सावलीही देते. जमीन एवढी नसेल तर गाई कमी करा. एक एकरवाल्याने दोनच गाई धराव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

नेपियरच्या दोन डोळ्यांच्या कांड्या जून-जुलैत लावा. पहिली कापणी अडीच महिन्यांनी, पुढच्या दीड-दीड महिन्याने. कापणी लांबली की दांडा जाड होतो, गाय पानं खाते आणि दांडे गव्हाणीत सोडते. वीस गुंठ्यांचे पाच-सहा वाफे पाडून पाळीपाळीने कापले तर रोज ताजी वैरण मिळते.

मुरघासाकडे जास्त लक्ष द्या. उन्हाळ्यात गोठा त्याच्यावरच तगतो आणि लोक चुकतात तेही इथेच. मका कधी कापायचा हे कणसावरून ठरवा. कणीस मध्ये मोडा आणि दाणा बघा. वरच्या बाजूने पिवळा कडक भाग आणि खालून पांढरा दुधाळ भाग, यांच्यामध्ये एक रेघ दिसते. ती रेघ दाण्याच्या निम्म्यावर आली की कापणी. मग कुट्टी मुठीत घट्ट दाबून धरा आणि मूठ उघडा. बोटांतून पाणी गळलं तर मका अजून कोवळा आहे. गोळा लगेच फुटून विखुरला तर उशीर झालाय. गोळा हळूहळू सुटला आणि तळहात नुसता ओलसर झाला, की वेळ बरोबर.

कुट्टी अर्धा ते पाऊण इंचाची ठेवा. थर देत दाबा आणि शक्यतो एका दिवसात भरून हवा बंद करा. आज अर्धं, परवा अर्धं असं केलं की मधला थर काळा पडतो. ४५ दिवस उघडू नका. चांगल्या मुरघासाला आंबटगोड वास येतो आणि रंग पिवळसर हिरवा असतो. उग्र कुजका वास आला किंवा बुरशी दिसली तर तेवढा भाग फेकून द्या, गाभण गाईला तर अजिबात घालू नका.

आता खड्ड्याच्या मापाची गोष्ट. मोठ्या गोठ्याचं बघून दहा फूट रुंद खड्डा बांधतात आणि गाई असतात चार. मुरघास उघडल्यावर तोंडाचा पूर्ण थर रोज चार-सहा इंच तरी निघाला पाहिजे, नाहीतर उघड्या तोंडावर हवा लागून तो तापतो आणि बुरशी धरतो. घट्ट दाबलेला मुरघास घनफुटाला साधारण १५ किलो भरतो. पाच फूट रुंद आणि चार फूट खोल तोंडाचा चार इंच थर म्हणजे शंभर किलो, पाच गाईंचा उन्हाळ्यातला एक दिवस. दोन-तीन गाई असतील तर खड्ड्याच्या भानगडीत न पडता पन्नास-साठ किलोच्या पिशव्या भरा. रोज एक फोडायची आणि संपवायची. पिशव्यांना उंदीर आणि कावळ्यांपासून जपा. एक भोक पडलं तरी ती पिशवी वाया जाते.

पाच गाईंना वर्षाला वीस-पंचवीस टन मुरघास लागेल.

## पायरी ३: कडबा, वाढे आणि किराळ

कडबा फेब्रुवारी-मार्चमध्ये, ज्वारीची काढणी चालू असताना घ्या. जूनमध्ये घ्याल तर अडलेल्याचा भाव द्यावा लागेल. शेकड्याचा सौदा करताना चार-पाच पेंढ्या वजन करून बघा, कारण पेंढीला माप नसतं. मंगळवेढ्याकडची मालदांडी असो की आणखी कुठली, अवकाळी पावसात भिजलेला काळपट कडबा स्वस्त मिळाला तरी नको. गंज उंच जागी लावा आणि वरून झाका.

साखर कारखाने चालू झाले की उसाचे वाढे मुबलक आणि स्वस्त मिळतात. पोट भरतं म्हणून तीन-चार महिने नुसत्या वाढ्यावर गाई ठेवतात. त्यात प्रथिनं कमी, आणि ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. परिणाम पुढे दिसतो: गाय वेळेवर माजावर येत नाही, व्याल्यावर बसते. एकूण ओल्या वैरणीत वाढे पाव हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका आणि क्षार मिश्रण रोज ५० ग्रॅम चुकवू नका.

सावधान: पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी किंवा काढणीनंतर बुडख्यातून फुटलेले कोंब गाईने खाल्ले की किराळ लागते. हे सायनाइडचं विष आहे, तासाभरात जनावर जातं. धसकटाच्या रानात मोकळी गाय सोडू नका. कडवळ (चाऱ्याची ज्वारी) फुलोऱ्यावर आल्यावरच कापा.

## पायरी ४: दुधाचं गिऱ्हाईक

संकलन केंद्रावर दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ जाऊन उभे राहा. वजनकाटा डोळ्यांसमोर आहे का, फॅट आणि एसएनएफची (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) पावती लगेच मिळते का, पगार दहा दिवसांनी नेमका होतो का, हे तिथे दूध घालणाऱ्यांना विचारा. गाईच्या दुधाचा दर साधारण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर ठरतो, आणि खाली प्रत्येक पॉइंटला किती कापतात ते दरपत्रक मागून घ्या. फलकावरचा मोठा दर आणि हातात पडणारा दर यांत इथेच अंतर पडतं.

उचल (आगाऊ रक्कम) मिळते म्हणून लगेच घेऊ नका. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे दूध घालता येत नाही. शहराजवळ असाल तर चार-पाच घरांचं रतीब लावून बघा. थोडं दूध तरी चांगल्या भावाने जातं.

## पायरी ५: गोठा, कमीत कमी पैशात

गोठ्यावर चार लाख घालून गाईसाठी कर्ज काढणं ही नेहमी दिसणारी चूक आहे. मुक्त संचार गोठा करा. गाईमागे ४० ते ५० चौरस फूट सावली आणि किमान शंभर चौरस फूट मोकळी जागा. जागा असेल तर आणखी द्या. भोवती जाळी, मध्ये गव्हाण, एका बाजूला कायम भरलेला पाण्याचा हौद.

पत्र्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. कडेची उंची दहा फुटांच्या खाली नको. चाळीस-बेचाळीस अंशाला सात-आठ फुटांवरचा पत्रा गाईला भाजून काढतो. बाजूच्या भिंती बांधू नका, वारा आरपार जाऊ द्या. उन्हाळ्यात पत्र्याला वरून चुना मारा किंवा उसाचं पाचट टाका. फॉगर बसवणार असाल तर आधी पंखा लावा, कारण वारा नसताना नुसता फवारा मारला की दमटपणा वाढून गाय जास्त धापते.

काळ्या रानात गोठा करताना आधी फूटभर मुरूम भरून जागा उंच करा. हे टाळलं तर जुलैत गाई गुडघाभर रेंद्यात उभ्या राहतात, सड चिखलात माखतात आणि कासदाह सुरू होतो.

तपासा: दुपारी दोन वाजता पत्र्याखाली अर्धा तास बसून बघा. तुम्हाला बसवत नसेल तर गाय तिथे दूध देणार नाही.

## पायरी ६: गाय घेणं

नोव्हेंबर उजाडला, नेपियर दोनदा कापून झालं, मुरघास बंद आहे. आता गाय.

पहिल्यांदा दोनच घ्या. दुसऱ्या वेताची, व्याऊन दोन-चार आठवडे झालेली, बारा ते पंधरा लिटरची. पंचवीस लिटरवाल्या गाईच्या मागे नव्या माणसाने लागू नये; तिची भूक, तिचे आजार आणि तिला सोसवणारं ऊन, सगळंच नाजूक असतं. खिलार देखणं जनावर आहे, पण ते कामाचं, दुधाच्या धंद्याचं नव्हे. म्हशीच करायच्या तर पंढरपुरी म्हैस इथल्या हवेला सरावलेली आहे आणि हलक्या वैरणीवरही तगते.

शक्यतो ओळखीच्या शेतकऱ्याच्या दावणीवरून घ्या. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात भाव कळतात, नजर तयार होते, म्हणून दोन-तीन बाजार रिकाम्या हाताने फिरा. बाजारात कास तट्ट फुगलेली दिसते, कारण आदल्या वेळची धार काढलेलीच नसते. हेडी (गुरांचा व्यापारी) म्हणतो, "मालक, सकाळी अठरा काढलंय हिनं." तुम्ही सकाळ-संध्याकाळ-सकाळ अशा सलग तीन धारा स्वतः समोर उभं राहून बघा. पहिली धार हिशेबात धरू नका, पुढच्या दोन्हींची बेरीज म्हणजे दिवसाचं दूध.

धार काढताना स्वतः खाली बसा. चारही सडांतून सारखी धार येते का बघा. पहिल्या दोन-तीन पिळण्या काळ्या कपड्यावर घ्या. गाठी, पाणीपणा किंवा रक्ताची तार दिसली तर सौदा तिथेच थांबवा. धार झाल्यावर कास हाताला मऊ, सैल लागली पाहिजे. एखादा भाग दगडासारखा घट्ट राहिला तर तो सड जवळजवळ गेलेला असतो. दात बघा: दुसऱ्या वेताची संकरित गाय चार ते सहा दाती असते, दात जुळले (आठही आले) असतील तर सांगितलेल्या वेतावर विश्वास ठेवू नका. गाय चालवून खूर बघा. वासरू तिचंच आहे का हे ते पिताना कळतं.

कानातला पिवळा टॅग पाहा. त्यावरचा १२ अंकी क्रमांक भारत पशुधन प्रणालीत घातला की लसीकरणाची नोंद निघते. ब्रुसेलाची तपासणी पशुवैद्यकाकडून करून घ्या. हा रोग गाय गाभडवतो आणि माणसालाही होतो. गाभण गाय घेत असाल तर तपासणी तुमच्या डॉक्टरकडून, विकणाऱ्याच्या नव्हे.

सावधान: रुमालाखाली हात घालून झटपट सौदा करायचा आग्रह झाला तर उठून या. आणलेली गाय सहजासहजी परत जात नाही.

वाहतूक रात्री किंवा पहाटे करा. गाडीत वाळू किंवा पाचट टाका. गाडीत चढवायच्या आधी विमा आणि टॅगचा फोटो पक्का करून घ्या.

## पायरी ७: पहिले तीन आठवडे

घरी दुसरी जनावरं असतील तर नवी गाय तीन आठवडे वेगळी बांधा. तिची बादली आणि गव्हाण वेगळी ठेवा, धारही शेवटी काढा. जुन्या मालकाकडचा खुराक आठवडाभर तोच ठेवा आणि मग हळूहळू बदला. पहिल्याच दिवशी कौतुकाने चार किलो भरडा जास्त घातला की पोट बिघडतं आणि महिनाभराचं दूध जातं.

रोज सकाळी ताप बघा. गोचीड बारकाईने शोधा: कानामागे, कासेजवळ, शेपटीखाली. संकरित गाईला गोचीड तापाने फार लवकर गाठलं जातं. १०४-१०५ ताप आणि खांद्यापुढची गाठ सुजलेली दिसली तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ क्रमांक आहे.

लसींचं साधं वेळापत्रक: लाळ्या खुरकूत दर सहा महिन्यांनी, घटसर्प-फऱ्या पावसाळ्याआधी, लम्पी वर्षातून एकदा, आणि ब्रुसेला फक्त कालवडींना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच.

## पायरी ८: धार

वेळ पक्की, माणूस शक्यतो तोच. सड धुऊन कोरडे करा, ओल्या सडाला हात लावू नका. पान्हा सुटल्यावर पाच-सात मिनिटांत धार आटोपली पाहिजे. अंगठा मुडपून पिळू नका, पूर्ण मुठीने काढा. धार झाली की सड जंतुनाशकात बुडवा आणि लगेच गव्हाणीत वैरण टाका. सडाचं तोंड मिटायला अर्धा तास लागतो, तोवर गाय उभी राहिली पाहिजे. कासदाह टाळण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

फॅट कमी लागू लागलं तर आधी पेंड बदलू नका. कुट्टी फार बारीक झाली आहे का, कोरडा चारा कमी पडतोय का, ते बघा. एसएनएफ घसरलं तर गाय एकंदर कमी खाते आहे किंवा उन्हाने हैराण आहे, हे धरून चाला. उन्हाळ्यात मोठी वैरण पहाटे आणि रात्री नऊनंतर घाला.

प्रतिजैविक दिलेल्या गाईचं दूध डॉक्टर सांगतील तितके दिवस केंद्रावर घालू नका.

## पायरी ९: माज, गाभण आणि दुसरी जोडी

दूध कमी झालेलं लगेच दिसतं. माज चुकलेला दिसत नाही, आणि एक माज चुकला की २१ दिवसांची वैरण फुकट. व्याल्यानंतर साधारण दोन महिन्यांनी गाय भरवायला तयार होते. पहाटे आणि रात्री, गोठा शांत असताना दहा मिनिटं नुसतं बघत उभे राहा. दुसरी गाय चढल्यावर जी निश्चल उभी राहते, ती माजावर आहे. सकाळी दिसली तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. उन्हाळ्यात माज मुका असतो, सोट (माजाचा चिकट स्राव) नीट बघावा लागतो. रेतनानंतर २१ दिवसांनी उलटली का (पुन्हा माजावर आली का) बघा आणि दोन-तीन महिन्यांनी गाभण तपासणी करून घ्या.

व्यायच्या आधी दोन महिने गाय आटवा, दूध येतंय म्हणून काढत राहू नका. व्याल्यावर वासराला दोन तासांच्या आत चीक, आणि पहिल्या २४ तासांत वजनाचा दहावा हिस्सा. बारा तासांत वार पडली नाही तर ओढू नका, डॉक्टर बोलवा. व्याल्यावर गाय बसली, कान गार पडले आणि मान पोटाकडे वळवली तर तो दुधाचा ताप. कॅल्शियम शिरेतून, तेही डॉक्टरच्याच हातून.

दुसरी जोडी कधी? पहिल्या दोन्ही गाई गाभण असल्याची खात्री झाल्यावर. म्हणजे या आटतील तेव्हा त्या भरात असतील आणि दहा दिवसांचा पगार कधी शून्यावर येणार नाही. चारही एकदम आणल्या तर चारही एकदम भाकड पडतात, आणि वैरण मात्र चौघींना लागते.

जोडी आणण्याआधी वहीत तीन आकडे काढा: गेल्या मेमध्ये बोअर किती चाललं, जूनच्या १ तारखेला मुरघास किती उरला होता, आणि गेल्या तीन महिन्यांत लिटरमागे खर्च किती पडला. यातला एक जरी आकडा वहीत नसेल, तर दुसरी जोडी पुढच्या हिवाळ्यावर ढकला.